वावराच्या पोटातली चुनखडी

माझा धाकटा भाऊ पावणेदोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. कारण होतं चुनखडी. ती आमच्या वावरात जमिनीखाली दोन फुटांवर पसरलेली होती, आणि वाटणीच्या वेळी मी ती मोजली नव्हती. भावाचा संशय असा की मला ती माहीत होती.

मी गेवराईत राहतो आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. आमचं वावर उमापूरकडच्या रस्त्याला आहे, एकूण आठ एकर. भाऊ गावात राहतो आणि पूर्ण वेळ शेतीच करतो. वडील गेल्यावर काही वर्षं आम्ही एकत्रच कसलं, मग वाटणी करायचं ठरलं. आमच्याकडे पद्धत अशी आहे की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्यानं. पाडणाऱ्याच्या मनात पाप असलं तरी तो दोन्ही वाटे सारखेच पाडील, कारण कोणता आपल्याकडे येईल हे त्याला ठाऊक नसतं. ही पद्धत मला फार आवडायची. वर्गात मुलांना समान भागाची गणितं सांगताना मी तिचा दाखला देत असे.

वाटे मी नीट पाडले. वावराला पश्चिमेकडून पूर्वेकडे हलका उतार आहे. वरची बाजू मध्यम, जरा भुरकट मातीची. खालची काळी कुळकुळीत, पावसाळ्यात पाय रुतेल अशी. मी उताराला आडवा बांध घातला, म्हणजे दोन्ही तुकडे चौकोनी येतात, औताला सोपे जातात आणि बांधात जमीन कमी वाया जाते. वरची माती हलकी म्हणून तो वाटा साडेचार एकरांचा धरला, खालचा साडेतीन. विहीर मधल्या बांधावर, दोघांची.

आणि मी माती तपासून आणली. हे कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं. दोन्ही वाट्यांतून आठ आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेतला, प्रत्येक खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी माती खरवडली, घमेल्यात मिसळली. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग करायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हे केलं. कापडी पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या घालून प्रयोगशाळेत दिलं. अहवाल आला त्यात वरच्या वाट्यात मुक्त चुना शेकडा सात होता आणि खालच्यात पाच. मोसंबीसारख्या फळबागेला शेकडा दहाच्या वर चुना चालत नाही असं सांगतात. दोन्ही वाटे त्यात बसत होते, खालचा जास्त चांगला बसत होता.

मी कागद भावापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. त्याला मोसंबी लावायची होती, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानं कागद हातात घेतला नाही. एवढंच विचारलं, "बागेला कोन्ता बरा?"

"कागदावरून खालचा," मी म्हणालो.

"मंग खालचाच."

त्यानं दोन एकरांत दोनशे वीस झाडं लावली. जुनी माणसं मोसंबीला तीन फूट खोल खड्डा काढायची, तो उन्हात तापू द्यायची, मग भरायची. भावानं मशीननं उंच वाफे ओढले आणि वाफ्यावर फूटभर खड्डे घेऊन रोपं लावली. शेजारच्यानं टोकलं तर म्हणाला, "दादानी माती तपासून दिली हाय. कशाला उगं मजुरी?"

ही गोष्ट मला तेव्हा कुणीतरी कौतुकानं सांगितली, आणि मला बरं वाटलं होतं.

चौथ्या वर्षी झाडं पिवळी पडायला लागली. आधी शेंड्याची नवी पानं. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जाळं काढल्यासारख्या. लोह फवारलं की महिनाभर हिरवी, मग पुन्हा तेच. पाणी कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं, शेणखत टाकलं. पाचव्या वर्षी दोनशे विसांपैकी दीडशेच्या वर झाडं पिवळी होती. ती मी बांधावरून मोजली होती. त्या वेळी भाऊ फवारणीचा पंप पाठीला लावून आत उभा होता. मी मोजतोय हे त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काय बोललं जातंय ते मला गावातल्या कटिंगच्या दुकानात कळलं. मी आत शिरलो तेव्हा खुर्चीत तोंडाला साबण लावलेला एक जण बोलत होता. आरशात मी त्याला दिसलो नाही.

"मास्तर हाय बे त्यो. त्येला मातीचं समदं माईत. कागद असा लिवून आनला की धाकटा बरूबर त्याच वाट्यावर जाऊन बसला. एक एकर कमी, अन् वर पिवळी बाग!"

"पर उचलला तर त्यानीच ना?"

"त्येच तर! उचलायचा कुनी आन् उचलायला लावायचा कुनी?"

वस्तरा चालवणाऱ्यानं माझ्याकडे पाहून घसा खाकरला. मी दाढी न करताच बाहेर आलो. रागापेक्षा घाबरल्यासारखं झालं होतं, कारण हे त्याचं एकट्याचं बोलणं वाटत नव्हतं. असं बोलणं बहुधा घरातूनच बाहेर पडतं.

त्याच आठवड्यात मी भावाच्या घरी गेलो. तो ओसरीवर पाइपाची जोडणी दुरुस्त करत बसला होता. मी सरळ विचारलं, "तुला वाटतं का, मी जाणून केलं?"

तो पाइपाकडेच पाहत राहिला. "मला काय वाटायचंय? वाटा म्या उचलला. तू थोडाच दिला?"

"मग बोलत का नाहीस?"

"बोलायला लागलो की तू पुन्हा कागद काढशील."

भावजय चहा घेऊन आली. मी चहा पिऊन उठलो. त्यानंतर आम्ही विहिरीवर समोरासमोर आलो तरी मोटारीची पाळी तो त्याच्या पोराकरवी कळवायचा.

घरी मी बायकोला सांगितलं. तिचं मत स्पष्ट होतं. "रीत काय आहे? पाडायचं तुम्ही, उचलायचं त्यांनी. तुम्ही पाडलं, त्यांनी उचललं. आता कशाला मनाला लावून घेता?" रीतीनं तिचं बरोबर होतं. पुढे किती तरी दिवस मीही मनात तेच म्हणत असे. पण एखादं विधान स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं तेव्हा त्यात कुठेतरी चूक राहिलेली असते.

ती चूक मला एका मेंढपाळानं दाखवली. दर उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की हे आबा आपली मेंढरं घेऊन आमच्याकडे येतात. रात्री मेंढरं वावरात बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं, बदल्यात आम्ही ज्वारी देतो. वडिलांच्या काळापासून हे चालत आलं आहे. त्या वर्षी मेंढरं माझ्या वाट्यात बसणार होती. दुपार कलल्यावर मी गेलो तेव्हा आबा मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या खुंट्या ठोकत होते. आधी पहारीनं भोक पाडायचं, मग त्यात खुंटी. त्यांचं वय झालेलं, म्हणून मी पहार घेतली.

"मास्तर, हळू. पायावर घालून घ्याल. हितं लई जोर लागत न्हाई, लोन्यावानी जाती."

"आणि कुठे लागतो?"

आबांनी हनुवटीनं बागेकडे दाखवलं. "तकडं. बाग न्हवती तवा तकडं मेंढरं बसवायचो न्हवं का. पहार हातभर जाती, मंग वाजती. वर काढली की टोक पांढरं."

मी पहार जमिनीत तशीच ठेवून उभा राहिलो. "पांढरं म्हणजे?"

"चुनखडी! दुसरं काय पांढरं आसतंय? तुमच्या आज्यानी ही हीर बांधली तवा त्याच वावरातले खडे गोळा करून भट्टी लावलती. माझा बाप सांगायचा. चुना हितलाच, दगूड हितलाच."

"आबा, मग मी माती तपासत होतो तेव्हा का नाही सांगितलंत?"

आबा हसले. "मी त्या लिंबाखालीच हुतो की. तुमी घमेलं घिऊन आलतात. माती काढा, मिसळा, निम्मी फेका, पुन्हा मिसळा, पुन्हा फेका. म्हन्लं, मास्तर माती इकत घ्यायलेत का फेकायलेत, आपुन कशाला मधी तोंड घालावं? कुनी इचारलं का मला?"

कुणी विचारलं नव्हतं. नमुना कसा घ्यायचा याची प्रयोगशाळेनं दिलेली छापील चिठ्ठी मी नंतर पुन्हा काढून वाचली. मागच्या बाजूला छापलेलं होतं की हंगामी पिकासाठी वीतभर खोलीचा नमुना घ्यावा आणि फळबागेसाठी तीन फूट खड्डा काढून प्रत्येक फुटाचा वेगळा घ्यावा. मी पुढची बाजू चार वेळा वाचली होती. मागची बाजू पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून परवानगीनं सौम्य आम्लाची छोटी बाटली घेतली. चुना ओळखायची ही सगळ्यात सोपी रीत. चुनखडीवर थेंब टाकला की ती फसफसते, कारण दगडात अडकलेला वायू सुटतो. घरी आधी इतर वस्तूंवर पाहिलं. ओट्यावरची शहाबादी फरशी फसफसली, अंड्याचं टरफल फसफसलं. वर्गातला खडू मात्र गप्प राहिला, कारण आजचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, चुनखडीचा नसतो. इतकी वर्षं मी मुलांना खडू म्हणजे चुनखडी असं सांगत आलो होतो. तेही दुरुस्त करावं लागलं.

मग मी भावाच्या बागेत गेलो आणि खड्डा काढू का असं विचारलं. तो नाही म्हणाला नाही. स्वतःच खोरं घेऊन आला. दोन ओळींच्या मधे आम्ही खणायला लागलो. पहिला फूट काळा, मऊ. थेंब टाकला तर बारीक सर्र झालं, तेवढंच. दुसऱ्या फुटात वाटाण्याएवढे पांढुरके खडे दिसायला लागले. दोन फुटांखाली खोरं वाजलं. तिथे काळ्या मातीत पांढऱ्या गाठी अशा दाटल्या होत्या की मातीपेक्षा त्याच जास्त. त्यावर थेंब पडला आणि दुधासारखा फेस वर आला. थांबेचना. भाऊ वाकून पाहत होता. मोसंबीची मुळं त्या थरावर येऊन आडवी वळली होती, जशी भिंतीला लागून वाट वळते.

ही चुनखडी शहाबादी फरशीसारखी समुद्राच्या तळाशी थरांवर थर बसून झालेली नाही. आपल्या भागात सगळा काळा कातळ. त्या कातळाची माती होताना त्यातला चुना थोडा थोडा सुटतो. पावसाचं पाणी तो विरघळवून खाली नेतं, उताराच्या खालच्या अंगाला साठवतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. असं किती हजार वर्षं चाललं असेल ते मला माहीत नाही. म्हणूनच जी माती वरून सगळ्यात काळी, सगळ्यात खोल दिसते, तिच्याच पोटात तो जास्त सापडतो. आणि मुळांभोवती चुना दाटला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही, म्हणून पान पिवळं पडतं.

हे सगळं मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून भावाला सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हंजी तुला हे माईत न्हवतं?"

"नव्हतं."

"खरंच न्हवतं?"

"मी वीतभरच पाहिलं. खाली पाहायला हवं होतं हे मला माहीत नव्हतं."

त्यानं खोरं मातीत रोवलं. "मंग जे तुला माईत न्हवतं, त्येचा कागद मला कावून दिलास?"

पावणेदोन वर्षं मी मनात तयारी केली होती ती लबाडीच्या आरोपाची. मी लबाड नाही हे त्यानं तिथेच, फेस पाहता पाहता, मान्य केलं होतं. आता त्याचा प्रश्न वेगळा होता. धाकट्यानं आधी उचलायची रीत पाडणाऱ्याच्या लोभापासून राखण करते. त्याच्या अज्ञानापासून राखण करत नाही. उलट, कागद हातात असला की ते अज्ञान ज्ञानासारखंच दिसतं.

विहिरीवर हात धुताना मी आजोबांनी बांधलेल्या कडेला बोट लावून पाहिलं. दगडांमधला चुना अजून खिळ्यानं उकरत नाही. शंभर किलो निर्मळ चुनखडी भाजली की छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो, बाकीचा वायू होऊन जातो. त्यावर पाणी ओतलं की तो उकळल्यासारखा फुगतो, फुटतो. वाळूत मळून भिंतीत घातला की हळूहळू हवेतला तोच वायू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. ज्या थरानं बाग मारली त्याच थरानं विहीर तोलून धरली होती. आजोबांना तो थर कुठे आहे हे ठाऊक होतं. मला फक्त विहीर ठाऊक होती.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि म्हणालो, "वाटणी परत करू."

"दान नको मला," भाऊ म्हणाला.

"दान नाही. या खेपेला वाटे तू पाड, उचलतो मी."

भावजय दारात उभी होती, ती हसली. "थोरल्यानं उचलायचं? लोकं काय म्हनतील?"

"म्हनतच हायत," भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ती बाटली दे."

बायकोला हे अजिबात पटलं नाही. "उद्या ते चांगलं सगळं एकीकडे ठेवतील," ती म्हणाली. मी म्हणालो, ठेवलं तर मी तेच उचलीन ना. तिनं जरा विचार केला, पण ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

भावानं तीन आठवडे घेतले. सकाळी मोटार लावायची आणि खणायचं. त्यानं चौदा खड्डे काढले, सगळे तीन फुटांचे. दोन ठिकाणी आबांना बोलावून आणलं आणि पहार कुठे वाजायची ते विचारलं. आबा ऐटीत काठी टेकत पुढे चालले होते आणि भाऊ मागून खुणेच्या काड्या रोवत होता. बाटली संपली तेव्हा त्यानं निरोप पाठवला, मी दुसरी दिली. खड्ड्यांचे आकडे त्यानं कुठेही लिहिले नाहीत.

बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं की बांध थोडा वर सरकवला असेल. तसं नव्हतं. त्यानं जुना आडवा बांध सोडूनच दिला होता. चुन्याची फक्की टाकून एक सरळ रेघ ओढली होती, पश्चिमेच्या टोकापासून विहिरीला लागून पूर्वेच्या टोकापर्यंत. उताराच्या दिशेनं. दोन लांब पट्टे. दोन्हींत वरची भुरकट माती, दोन्हींत खालची काळी, दोन्हींत चुनखडी आणि दोन्हींत निम्मी निम्मी बाग.

"जुनी मानसं आसंच पाडायची," तो म्हणाला. "वरून खाली. म्या लई खड्डे काढले, मंग ध्यानात आलं. खड्डे काढायचीबी गरज न्हवती."

मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. चौकोनी तुकड्यांसाठी मी आडवं कापलं होतं. आडवं कापलं म्हणून दोन्हीकडची माती वेगळी झाली, वेगळी झाली म्हणून तोलावी लागली, तोलायला कागद लागला.

"उचल," तो म्हणाला.

"दक्षिणेचा."

"मोजून घे आधी. पुन्हा म्हनशील."

मी टेप आणलेलाच होता. आम्ही दोन टोकं धरून मोजलं. खालच्या टोकाला माझा पट्टा चार फूट जास्त भरला. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तकडं वगळ हाय, पानी खातंय." मी जाऊन ओढा पाहिला. खरंच कड खचत होती. मग तेवढं सोडून दिलं. सातबारा पुढे यथावकाश दुरुस्त झाला.

झाडं मोजली तर उत्तरेच्या वाट्यात एकशे चौदा होती आणि माझ्या वाट्यात एकशे सहा. बहुतेक पिवळी. टेप गुंडाळत मी त्या ओळींमधून चालत होतो. भाऊ रेघेच्या पलीकडून बरोबरीनं चालत होता.

"काय करतूस आता ह्येंचं?" त्यानं विचारलं.

अशा वेळी मी पुस्तक पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो. माझ्या तोंडाशी तेच आलं होतं. पण मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

तो थांबला. "मला इचारतूस?"

"हो."

तो एका झाडापाशी वाकला, पान उलटं करून पाहिलं, बुंध्याजवळची माती बोटांनी चोळली. मग एक एक झाड पाहत पूर्ण ओळ चालून परत आला.

"ह्या कडंची चाळीसेक ऱ्हाऊ दे, अजून धरतील. बाकी काढ अन् सीताफळ लाव. त्येला चुना चालतोय," तो म्हणाला. "अन् घाई करू नको. पावसाच्या टायमाला मी येतो."